घरातील हवा : यंत्र आणि सवणे

माणूस अन्नावाचून काही आठवडे आणि पाण्यावाचून काही दिवस तग धरू शकतो. हवेवाचून मात्र काही मिनिटेही नाही. प्रत्येक जण दिवसाकाठी सुमारे दहा ते बारा हजार लिटर हवा आत घेतो. तरीही पाणी चौपदरी फडक्याने गाळण्याची आणि धान्य निवडून घेण्याची जितकी काळजी आपल्या घरांत असते, तिच्या शतांशानेही हवेची नसते. प्रदूषण म्हटले की कारखान्यांची धुराडी आणि मोटारगाड्या डोळ्यांपुढे येतात. उंबरठा ओलांडून घरात आलो की आपण सुरक्षित झालो, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा, आणि अलीकडे ज्यांच्या जाहिराती सर्वत्र दिसतात त्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे एअर प्युरिफायरचा, उपयोग नेमका कोणाला व किती, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

विषय निवडण्यास निमित्त घरचेच झाले. माझ्या आजीला दोन वर्षांपासून धाप लागते. तालुक्याच्या डॉक्टरांनी नळीत जोराने फुंकायला लावून तपासणी केली आणि सी.ओ.पी.डी. हा श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा आजार सांगितला. तो आटोक्यात ठेवता येतो, पण झालेली हानी भरून येत नाही. "आजी, विडी ओढत होता का?" असे त्यांनी विचारले. आजी म्हणाली, "विडी न्हाई, पण साठ वर्सं चूल फुकली." चाकणला कंपनीत असलेला दादा म्हणाला, हवेचे यंत्र घेऊन पाठवतो. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे यंत्र घ्यावे की नाही हे ठरविण्याचे काम माझ्याकडे आले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. ग्रंथालयात वाचून आणि विज्ञान शाखेच्या सरांना वारंवार त्रास देऊन जे समजले, ते येथे मांडत आहे.

हवेतील घाण मुख्यतः दोन प्रकारची असते : तरंगणारे बारीक कण आणि वायू. कणांपैकी अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असलेल्यांना पी.एम. २.५ म्हणतात. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक. मोठी धूळ नाकात आणि घशात अडकते, शिंकेने व कफावाटे बाहेर पडते. बारीक कण मात्र फुफ्फुसांच्या शेवटच्या टोकापर्यंत जातात आणि त्यांतील अतिसूक्ष्म तर रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ठरविलेली मर्यादा अशी, की वर्षाच्या सरासरीने एक घनमीटर हवेत हे कण ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. भारताने २००९ साली ठरविलेली वार्षिक मर्यादा ४० ची आहे. कोंदट स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना मात्र हा आकडा शेकड्यांत जातो, आणि कधी हजाराच्याही पुढे.

चुलीच्या धुराकडे शास्त्राचे लक्ष जायला फार उशीर झाला. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले आणि १९८३ साली ते प्रसिद्ध केले. तोवर प्रदूषण मोजण्याची उपकरणे शहरांच्या चौकांत असत. माजघरात ती क्वचितच नेली जात. पुढे २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी व इंग्लंडचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, सी.ओ.पी.डी.च्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी जन्मात कधी धूम्रपान केलेले नसते. आजीचे उत्तर आणि हा निष्कर्ष यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही. घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक.

आता यंत्राकडे वळू. त्याची रचना ऐकून मला थोडी निराशाच वाटली, कारण ती अगदी साधी आहे : एक पंखा आणि त्याच्या वाटेत एक गाळणी. पंखा खोलीतली हवा ओढतो, गाळणीतून ढकलतो व पुन्हा खोलीत सोडतो. या गाळणीला हेपा म्हणतात. १९४० च्या दशकात अमेरिकेत अणुबाँबचे संशोधन चालू असताना किरणोत्सारी धूळ अडविण्यासाठी ती प्रथम तयार झाली. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या अतिबारीक तंतूंचा तो घड्या घातलेला कागद असतो. ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के कण अडविणारी गाळणीच हेपा म्हणवून घेऊ शकते. हाच आकार का, असे मी सरांना विचारले. उत्तर मोठे मजेदार आहे. ही गाळणी पिठाच्या चाळणीसारखी काम करीत नाही. मोठे कण जड असल्यामुळे हवेबरोबर वळण घेऊ शकत नाहीत आणि तंतूंवर आपटतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात, (रॉबर्ट ब्राऊनने १८२७ साली पाण्यातील परागांच्या कणांत पाहिलेली हीच ती गती,) आणि भटकता भटकता तंतूला चिकटतात. मधल्या आकाराचे ना जड, ना भटके. तेच निसटण्याची शक्यता सर्वांत अधिक. म्हणून परीक्षा त्यांची.

तेव्हा यंत्र ही फसवणूक नव्हे. कण ते खरोखर पकडते. पण त्याला दोन अटी आहेत आणि जाहिरातीत त्या बारीक अक्षरांत असतात, किंवा नसतातच.

पहिली अट खोलीच्या मापाची. यंत्र तासाला किती घनमीटर शुद्ध हवा देते याचा एक आकडा असतो. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सी.ए.डी.आर. म्हणतात. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोलीत बाराशे घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ती तासातून पाच वेळा गाळली जावी असे वाटत असेल तर ३४ गुणिले ५, म्हणजे १७० चा आकडा हवा. शिवाय हा हिशेब दारे-खिडक्या लावलेल्या खोलीचा आहे. दार सताड उघडे असले तर यंत्र अंगणातली हवा गाळीत बसते.

दुसरी अट अधिक महत्त्वाची. हेपा गाळणी कण अडविते, वायू अडवीत नाही. काही यंत्रांत सक्रिय कोळशाचा थर असतो, तो वास आणि काही रसायनांच्या वाफा शोषून घेतो. पण अर्धवट जळणातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड त्यालाही सापडत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात खोली बंद करून शेगडी ठेवून झोपलेली किंवा कोंदट न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू ठेवलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांमागे हाच असतो. माणसांच्या उच्छ्वासाने वर्ग कोंदट होतो तो कार्बन डायऑक्साइडही यंत्र कमी करीत नाही. या दोन्हींना उपाय एकच, बाहेरची हवा आत येऊ देणे. हवेत विद्युतभारित कण सोडणारी आयोनायझर नावाची यंत्रेही मिळतात. त्यांतील काहींपासून ओझोन तयार होतो व तो फुफ्फुसांना अपायकारक असतो. आजाऱ्याच्या खोलीत ती न ठेवणेच बरे.

माझी मावशी पुण्यात चार घरी पोळ्या करते. त्यांपैकी एका घरी दिवाणखान्यात असे यंत्र आहे. मी मुद्दाम तिला फोन करून विचारले. ती म्हणाली, "मी फोडणी टाकली की त्याचा हिरवा दिवा लाल होतो आणि ते घुंई करून जोरात फिरायला लागतं. मग ताई आतून ओरडतात, मावशी, स्वयंपाकघराचं दार लावा." दार लागले की यंत्राचा दिवा पुन्हा हिरवा होतो. मावशी दाराच्या आत असते. त्या घरातील माणसे वाईट नाहीत. दिवाळीला साडी देतात, आजारपणात पैसे कापत नाहीत. परंतु जेथे हवा सर्वांत अशुद्ध होते तेथे जी उभी असते, तिच्याजवळ यंत्र नसते, एवढे मात्र यावरून कळते. मावशी म्हणते, ओट्यावर धूर ओढणारा पंखा आहे, पण आवाज होतो म्हणून लावू देत नाहीत. खरे पाहता धूर खोलीत पसरण्याआधी बाहेर फेकणारा तो पंखा दिवाणखान्यातल्या यंत्राहून अधिक उपयोगाचा.

हाच हिशेब मी आमच्या घराला लावून पाहिला. घर धाब्याचे, तीन खणांचे. चूल आणि आजीची बाज एकाच खोलीत. दार दिवसभर उघडे. दार उघडे ठेवले तर यंत्र निरुपयोगी. लावले तर चुलीचा विषारी वायू आत कोंडणार आणि यंत्राला तो दिसणारही नाही. पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांच्या काजळीने महागडी गाळणी किती दिवसांत भरेल, हा प्रश्न वेगळाच. पूर्वी धाब्याच्या घरांना चुलीच्या वर छतात एक भोक असे, त्याला आमच्याकडे सवणे म्हणतात. त्यातून उजेड यायचा आणि धूर जायचा. धाबे गळू लागले तेव्हा बाबांनी वरून पत्रे टाकले आणि सवणे बुजले. गावातल्या पुष्कळ घरांची हीच कथा आहे. छप्पर पक्के झाले, धूर मात्र आतच राहिला.

निर्धूर चुलीची कल्पना नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी 'मगन चूल' तयार केली होती. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ साली या विषयावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व २००२ साली बंद केला. तोपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या होत्या. त्यांतील बहुतेक आज कोठे आहेत? ओडिशात नव्या चुलींचा चार वर्षे अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी श्वासात जाणारा धूर कमी झाला, पुढे तो फरक उरला नाही. कारण चुली फुटल्या, धुराडी साफ झाली नाहीत, आणि बायका जुन्या चुलीकडे वळल्या. मला यात बायकांचा दोष वाटत नाही. शेतातून येऊन भाकरी थापणाऱ्या बाईने धुराड्यातली काजळी केव्हा खरवडायची, हा विचार चूल आखणाऱ्याने करायला हवा होता.

मग गॅस आला. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, आणि आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) देण्यात आली. ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु जोडणी मिळणे वेगळे आणि टाकी भरून आणणे वेगळे. आमच्याकडे गॅसवर चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक होतो; भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, कारण सरपण शेतातले आणि फुकटचे. शिवाय गॅस आला म्हणजे सर्व प्रश्न सुटले असेही नाही. भारत, ग्वाटेमाला, पेरू व रवांडा येथील ३२०० गर्भवती स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली आले. निम्म्या स्त्रियांना गॅस मोफत दिला गेला. त्यांच्या श्वासातील सूक्ष्म कण इतरांच्या सत्तरच्या तुलनेत चोविसाच्या आसपास आले. तरीही बाळांच्या जन्मवजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कोणी म्हणेल, मग गॅसचा उपयोग काय? आजीची छाती रात्री ऐकलेल्या माणसाला सत्तरचे चोवीस होणे पुरेसे आहे, असे माझे मत.

दादाने सांगितलेल्या यंत्राच्या किमतीत आमच्या गावी आठ-नऊ टाक्या येतात. मी तसे त्याला कळविले. बुजलेले सवणे उघडून त्यावर पत्र्याची उंच टोपी बसवावी आणि आजीची बाज चुलीच्या खोलीतून हलवावी, असेही लिहिले. टोपी बसली आहे. बाज हलवायला आजी तयार नाही. थंडीत चुलीजवळ ऊब असते, असे तिचे म्हणणे, आणि तेही खोटे नाही.

यंत्र कोणी घेऊच नये, असा मात्र याचा अर्थ नव्हे. दिल्लीसारख्या शहरात हिवाळ्यात बाहेरचीच हवा विषारी होते. तेथे दम्याच्या रुग्णाने झोपण्याची खोली बंद करून योग्य मापाचे यंत्र लावले आणि गाळणी वेळेवर बदलली, तर त्याला आराम पडेल. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी अमेरिकेत २०२० साली रिचर्ड कॉर्सी व जिम रोझेंथल यांनी चार गाळण्या आणि एक पंखा चिकटपट्टीने जोडून घरगुती पेटी तयार केली. ती पुष्कळ शाळांनी वापरली. कुंड्यांतील झाडांवर मात्र भिस्त ठेवू नये. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९८९ साली झाडे हवा शुद्ध करतात असे दाखविले, ते छोट्या बंद पेटीत. २०१९ साली फेरतपासणी झाली तेव्हा असे दिसले की, खिडकीतून सहज येणाऱ्या वाऱ्याइतके काम व्हायला चौरस मीटरला निदान दहा आणि कदाचित हजार झाडे लागतील. एवढ्या झाडांत माणसाने कोठे बसावे?

राहता राहिली आपल्या वसतिगृहाची गोष्ट. परीक्षेच्या दिवसांत खोल्यांच्या खिडक्या डासांमुळे बंद असतात आणि आत कासवछाप जळत असते. २००३ सालच्या एका अभ्यासात एक कॉइल जाळल्याने निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. एका खोलीत आम्ही चौघी. म्हणून खिडक्यांना जाळी बसवून मिळावी, असा अर्ज आम्ही मुलींनी दिला आहे. सोबत सुताराकडून सव्वीस खिडक्यांचे माप घेऊन जोडले आहे. तोवर मच्छरदाण्या बांधतो आणि वरचे तावदान उघडे ठेवतो.