नावांचा कारभार कोण पाहतो?

मुंबईहून औरंगपुऱ्यास धाडलेल्या पत्रावर ४३१००१ हा पिनकोड असतो. मुंबईत टपाल निवडणाऱ्याला औरंगपुऱ्यातील गल्ल्या ठाऊक असण्याचे कारण नाही. पहिल्या तीन अंकांवरून तो पत्र योग्य दिशेला लावतो. पुढचे तेथील माणसे पाहतात. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. इंटरनेटवरील नावांची व्यवस्थाही अशाच वाटणीवर चालते.

संगणक एकमेकांना अंकी पत्त्यांनी ओळखतात, आपण मात्र नावांनी. प्रारंभी सर्व नावे व पत्ते एकाच यादीत असत. संगणक वाढले तशी ती यादी आवरेना. म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकपेट्रिस यांनी डीएनएस ही पद्धत मांडली. तिच्यात नावांचे विभाग पाडतात. अशा विभागास 'झोन' म्हणतात, आणि त्याच्या नोंदी सांगणाऱ्या संगणकास 'नेमसर्व्हर'.

मराठवाडा विद्यापीठाचे नाव घ्या : बामू.एसी.इन. ते उजवीकडून वाचा. सर्वांत वरच्या नेमसर्व्हरना विद्यापीठ माहीत नसते. 'इन'चा कारभार कोणाकडे, एवढेच ते सांगतात. १९८९ मध्ये 'इन' भारताकडे आले. प्रथम मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ते सांभाळले. २००५ पासून ते 'निक्सी' या संस्थेकडे आहे.

आता समजा, विद्यापीठाने 'फिजिक्स.बामू.एसी.इन' हे उपनाम पदार्थविज्ञान विभागास द्यायचे ठरवले. विभागाच्या नोंदी विद्यापीठ स्वतःच्याच झोनमध्ये ठेवू शकेल; कारण प्रत्येक टिंबापाशी नवा झोन सुरू होतोच असे नाही. परंतु विभागाला रोज नवे संगणक जोडायचे असतील, तर वेगळा झोन सोयीचा. मग विद्यापीठ आपल्याकडे 'एनएस' नावाची नोंद ठेवते. तिचा अर्थ : 'या नावाविषयी अमुक नेमसर्व्हरला विचारा.' एक नेमसर्व्हर बंद पडला तरी काम अडू नये, म्हणून निदान दोन नेमतात.

येथे एक गंमतीदार अडचण उद्भवते. विभागाच्या नेमसर्व्हरचे नावच 'एनएस१.फिजिक्स.बामू.एसी.इन' असेल तर? त्याचा पत्ता त्यालाच विचारावा लागेल! पेटीची किल्ली पेटीतच राहावी, तसे हे झाले. म्हणून विद्यापीठ नावासोबत त्याचा अंकी पत्ताही देते. या जादा नोंदीस 'ग्लू', म्हणजे डिंक, म्हणतात.

आता खरी मेख ध्यानात घ्या. विभागाने नेमसर्व्हर बदलले, जुने बंद केले आणि विद्यापीठास कळवलेच नाही, तर? विभागाच्या साऱ्या नोंदी अचूक असूनही बाहेरच्यांना त्या सापडणार नाहीत. शिवाय मिळालेली उत्तरे इतर संगणक काही काळ जपून ठेवतात. त्यामुळे बिघाड सर्वांना एकाच वेळी जाणवत नाही. यास्तव आधी नवे नेमसर्व्हर चालू करावेत, मग वरची नोंद बदलावी, आणि जुने काही दिवस तसेच राहू द्यावेत. कारभार सोपवला, तरी वाट दाखवणारी पाटी खरी ठेवण्याची जबाबदारी दोघांचीही असते.

करून पाहा : शाळेच्या संगणकावर 'एनएसलूकअप' ही आज्ञा वापरून प्रथम 'इन'चे आणि मग विद्यापीठाच्या नावाचे नेमसर्व्हर शोधा. दोन्ही याद्या वेगळ्या का, याचे कारण आपल्या शब्दांत लिहा.