कापड न सोडता आतले कसे दिसते?

डोक्याला मार लागला की डॉक्टर सीटी स्कॅन लिहून देतात. चिठ्ठी हातात पडली की घरात प्रश्न निघतो: हे यंत्र आतले पाहते कसे आणि त्याने अपाय तर होत नाही ना? इजिप्तच्या ममींचे उदाहरण घेतले तर हे सोपे होते.

प्राचीन इजिप्तमध्ये मांजर, ससाणा, साप असे प्राणी वाळवून, कापडात गुंडाळून देवाला वाहत. अशा ममी लाखोंनी झाल्या. आत काय आहे ते पाहायचे तर कापड सोडावे लागे आणि ममीची नासधूस होई. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी जर्मनीत मांजराच्या ममीचा एक्स-रे निघाला.

हे किरण मऊ मांसातून बरेचसे पार जातात, हाडात जास्त अडतात. म्हणून हाड पांढरे दिसते. पण साध्या एक्स-रेत पुढचे-मागचे एकावर एक येते. सीटी स्कॅनमध्ये तेच किरण चहूबाजूंनी सोडतात आणि संगणक पावाच्या कापांसारखी चित्रे तयार करतो.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी ८०० हून अधिक ममी अशा तपासल्या. साधारण एक तृतीयांशांत पूर्ण प्राणी निघाला, एक तृतीयांशांत थोडे अवशेष. उरलेल्यांत प्राणीच नव्हता. माती, काड्या, असे काहीबाही भरलेले होते. वरून सगळ्या सारख्याच.

वेल्समधील स्वान्सी विद्यापीठाने २०२० साली तीन ममींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मांजराच्या जबड्यात हिरडीखाली न उगवलेले दात दिसले, म्हणजे ते पाच महिन्यांच्या आतले पिलू. नागाच्या पिलाची मूत्रपिंडे खराब झालेली होती. त्याला पाणी मिळाले नसावे, असा निष्कर्ष निघाला. दोन हजार वर्षांनंतरही तहानेची खूण शरीरात राहिली!

पण ममीत आणि आपल्यात मोठा फरक आहे. ममीवर तासन् तास किरण सोडले तरी तिला इजा नाही. जिवंत पेशींना जास्त किरणांचा धोका असतो. म्हणून माणसाला कमीत कमी मात्रा देतात. गरजेचा स्कॅन भीतीने टाळू नये. गरज नसताना हट्टाने करूनही घेऊ नये.

लक्षात ठेवा:

• एक्स-रे काढून झाल्यावर किरण अंगात राहत नाहीत.

• गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर एक्स-रे, सीटीआधीच सांगा.

• सोनोग्राफी ध्वनिलहरींनी होते. तिच्यात क्ष-किरण नसतात.

• एमआरआय चुंबकावर चालतो. अंगात पेसमेकर, सळई किंवा धातूचा तुकडा असेल तर आधी सांगा.

• जुन्या फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवा, दवाखान्यात जाताना सोबत न्या. तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ टळू शकते; पैसेही वाचतात.