शेतकी शिकविणाऱ्याचें शेवटचें वर्ष

मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतूनही शेतकीचें शिक्षण घेण्यास तरुण-तरुणी जातात. त्यांपैकीं कांहींचा मानस पुढें शेतकीचे शिक्षक होण्याचा असतो. अशांच्या शेवटच्या वर्षाविषयीं आपण आज विचार करूं. हा विद्यार्थी शिकावयास गांवींच येत असल्यामुळें हा विषय गांवकऱ्यांसही परका नाहीं.

सन १८८२ मध्यें महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर आयोगापुढें निवेदन केलें. जोतीराव स्वतः पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले होते. प्राथमिक शाळेंत शेतकीचें मूलज्ञान द्यावें, व तें प्रत्यक्ष देतां यावें म्हणून लहानसें नमुन्याचें शेत असावें, असें त्यांनीं सुचविलें. पुस्तक व शेत यांची फारकत होऊं नये, हें त्यांतील मर्म होय.

आज तीच गोष्ट शेवटच्या वर्षीं येते. मुंबई उपनगर जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रांत आहे, तें दापोलीचें डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. शेतकीच्या ४ वर्षांच्या पदवी-अभ्यासक्रमांत शेवटच्या वर्षीं विद्यार्थ्यांस गांवीं राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावें लागतें. त्या मुलांस कृषिदूत व मुलींस कृषिकन्या म्हणतात. उपनगरांत वाढलेल्यास हें विशेष कठीण जातें. गोरेगांवच्या आरे वसाहतींतील आदिवासी पाड्यांवर आजही भात पिकतो खरा. पण शहरांतील पुष्कळ मुलांनीं भाताचें रोप हातीं धरलेलें नसतें.

एक उदाहरण घेऊं. भाताचें बीं पेरण्यापूर्वीं मिठाच्या पाण्यांत निवडावें, असें शिकवितात. १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बीं ओतावें. वर तरंगेल तें पोचट काढून टाकावें. तळाशीं बसेल तें स्वच्छ पाण्यानें दोनतीन वेळां धुऊन सावलींत वाळवावें. पुस्तकांत हें चार ओळींत संपतें. पण ज्या आजीनें तें बीं कणगींत जपून ठेविलें, ती विचारील, “बाळा, घरचे दाणे कां फेकतोस?” तेव्हां नुसत्या उत्तरानें भागत नाहीं. दोन लहान वाफे करावे. एकांत निवडलेलें बीं पेरावें, दुसऱ्यांत न निवडलेलें. आणि निवाडा आजीनेंच करावा. शिकविणें तें हेंच.

यावरून तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली: आधीं विचारावें, मग सांगावें. कोणत्या खाचरांत पाणी तुंबतें, कोणतें वाण वाऱ्यानें लोळतें, हें गांवास ठाऊक असतें.

दुसरी: जें स्वतःच्या हातांनीं केलें नाहीं, तें दुसऱ्यास शिकवूं नये.

तिसरी: नुकसान कोणाचें होईल, हें विसरूं नये. उत्तरपत्रिकेंत चूक झाली तर विद्यार्थ्याचे गुण जातात. खाचरांत चूक झाली तर शेतकऱ्याच्या घरचें वर्षाचें धान्य जातें. म्हणून नवी रीत प्रथम शेताच्या एका कोपऱ्यांतच करून पाहावी.

गांवकऱ्यांसही आमची विनंति आहे. असा विद्यार्थी दारीं आला तर त्याच्या अजाणपणास हसूं नका. त्याच्या हातीं रोपांची जुडी द्या व त्यास चिखलांत उतरवा. आज तो तुमच्या बांधावर जें शिकेल, तेंच उद्यां अनेक मुलांस शिकवील.

विचारासाठीं प्रश्न: (१) शेतांत शिकल्यावांचून शेतकी शिकवितां येईल काय? (२) नवी रीत थोड्या जागेंत आधीं कां करून पाहावी? (३) शिकावयास आलेल्यास आपला गांव काय शिकवूं शकेल?