मिश्र कळपांतील टर्कींची पैदास व अंड्यांची उबवण

मळ्यांत किंवा घरामागच्या वाड्यांत दहा-वीस टर्की बाळगणाऱ्या शेतकऱ्याकडे शुद्ध जातीचा कळप क्वचितच आढळतो. एखादी काळी गांवठी जोडी पूर्वीं आणलेली असते, पुढें बाजारांतून एक पांढरी मादी येते, शेजाऱ्याकडून कांसेरंगी नर बदलून घेतला जातो, आणि दोन वर्षांत सर्वांची सरमिसळ होते. अशा कळपाला नांवें ठेवणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. अमेरिकेंतील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी संशोधन केंद्रांत १९३४ पासून निरनिराळ्या प्रकारच्या टर्कींचा संकर करूनच ‘बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट’ ही लहान कुटुंबास पुरेल अशा बांध्याची पांढरी जात तयार करण्यांत आली. चेन्नईच्या नंदनम येथील कुक्कुट संशोधन केंद्रानें त्याच जातीचा काळ्या गांवठी टर्कीशीं संकर करून ‘नंदनम टर्की–१’ ही तमिळनाडूच्या हवेस मानवणारी जात काढली. परंतु या दोन्ही ठिकाणीं कोणत्या पिलाचा बाप कोण, हें वहींत लिहिलेलें होतें. आपल्या वाड्यांत तेंच ठाऊक नसतें, आणि खरें नुकसान तेथून सुरू होतें.

टर्कीच्या बाबतींत बाप ओळखणें वाटतें तितकें सोपें नाहीं. मादीच्या अंडवाहिनींत नराचें बीज सांठवून ठेवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, व एका संयोगाचें बीज त्यांत कित्येक आठवडे जिवंत राहतें. कोंबडींतही हें घडतें, परंतु टर्कींत हा काळ बराच लांबतो. सात-आठ आठवडे, कधीं त्याहूनही अधिक. म्हणून आज जुना नर विकून उद्यां नवा सोडला व पुढच्या आठवड्याचीं अंडीं उबवणीस ठेवलीं, तर त्यांतील कांहीं पिलें विकलेल्या नराचीं निघण्याचा संभव असतो. यास्तव नर निवडावयाचा तो माद्यांनीं अंडीं घालण्यास आरंभ करण्यापूर्वीं निवडावा, आणि हंगामभर एका कुंपणांत एकच नर ठेवावा. मध्यम बांध्याच्या नरास पांच माद्या व जड नरास तीन, हें प्रमाण बरें. नर बदलणें भागच पडलें, तर पुढील दहा आठवड्यांचीं अंडीं खावयास किंवा विकावयास काढावीं. वंशासाठीं ठेवूं नयेत. कोंबडींत चुकलेली निवड लवकर सुधारतां येते. टर्कीची मादी सुमारें ३० आठवड्यांची होईपर्यंत अंडें घालीत नाहीं, व वर्षाकांठीं ६० ते १०० च अंडीं देते. तिचा एक हंगाम वायां जाणें म्हणजे शेतकऱ्याचें एक वर्ष वायां जाणें होय.

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नराचें तोंडही न पाहिलेल्या टर्कीच्या अंड्यांत कधीं कधीं गर्भाची वाढ सुरू होते, असें बेल्ट्सव्हिल येथेंच १९५० नंतरच्या वर्षांत दिसून आलें. बहुतेक गर्भ आरंभींच मरतात; जीं थोडीं पिलें निघतात तीं सर्व नर असतात. तेव्हां दिव्यासमोर अंड्यांत कांहीं दिसलें म्हणून नर कामाचा आहे, असा निर्णय लगेच करूं नये.

रंगावरून होणारीं भांडणें आम्हीं पुष्कळ ऐकलीं आहेत. काळ्या जोडीचीं म्हणून अंडीं घेतलीं आणि त्यांतून पांढरें पिलूं निघालें, कीं घेणारा विकणाऱ्यास लबाड ठरवितो. वस्तुतः पांढरा रंग हा दबून राहणारा गुण आहे. काळ्या व पांढऱ्या टर्कीच्या संकरांतून निघालेली संतति सामान्यतः रंगीत असते, परंतु पांढरेपणा तिच्या पोटांत लपलेला असतो. अशा दोन पक्ष्यांचा जोडा जमला म्हणजे सरासरीनें चार पिलांत एक पांढरें येतें. काळा रंग कांसेरंगावर असाच वरचढ ठरतो. म्हणून मिश्र कळपांतील अंडीं विकणाऱ्यानें रंगाची हमी देऊं नये, आणि घेणाऱ्यानें ती मागूं नये.

नराची परीक्षा रंगावर न करतां पायांवर करावी. पाय सरळ, चाल मोकळी, छातीचें हाड वांकडें नसलेलें, असा नर पाहावा. रुंद छातीच्या भारी पांढऱ्या जातीचा मोह अनेकांस पडतो. परंतु त्या जातीचे नर छातीच्या भारामुळें नैसर्गिक संयोग नीट करूं शकत नाहींत. मोठ्या कारखानदारींत त्यांची पैदास कृत्रिम रेतनानेंच चालते. असा नर लहान गांवठी मादीवर सोडला तर अंडीं वांझ राहतात, आणि नखांनीं मादीची पाठ फाटते ती वेगळीच. मध्यम नर व त्यास साजेशा माद्या हाच मार्ग चांगला. नराच्या नखांचीं टोंकें हंगामापूर्वीं कापून बोथट करावीं. बापाशीं त्याच्याच लेकींचा संबंध येऊं देऊं नये, कारण निकट वंशांत पिलें निघण्याचें प्रमाण घसरतें.

टर्कीचीं बहुतेक अंडीं दुपारनंतर पडतात, म्हणून सकाळच्या एका फेरीवर भिस्त ठेवूं नये. उन्हाळ्यांत तर अंडें घरट्यांत तापूं देणें म्हणजे तें गमावणेंच. अंडीं निमुळतें टोंक खालीं करून थंड जागीं ठेवावीं व सात दिवसांच्या आंत उबवणीस घालावीं. उबवण २८ दिवसांची. यंत्रांत उष्णता ९९.५ अंश फॅरनहाइट राखावी, अंडीं दिवसांतून निदान चार-पांच वेळां फिरवावीं, आणि २५ व्या दिवसानंतर फिरविणें थांबवून ओलावा वाढवावा. दहाव्या दिवशीं दिव्यासमोर धरून वांझ अंडीं काढून टाकावीं.

ज्यांच्याकडे यंत्र नाहीं ते खुडूक देशी कोंबडीखालीं सहा ते आठ अंडीं ठेवतात. कोंबडी उबवते उत्तम. परंतु येथेंच मोठा धोका आहे. कोंबडीच्या आंधळ्या आंतड्यांत एक बारीक कृमि असतो, आणि त्याच्या अंड्यांतून ‘ब्लॅकहेड’ या रोगाचे सूक्ष्म जंतु विष्ठेवाटे जमिनींत जातात. तेथें ते वर्षानुवर्षें टिकतात. गांडुळें खाल्ल्यानेंही ते टर्कीच्या पोटांत जातात. कोंबडीस त्याची बाधा फारशी दिसत नाहीं. टर्कीचें यकृत मात्र पोखरलें जातें, गंधकासारखी पिंवळी हगवण लागते व कळपच्या कळप नाहींसा होतो. रोग दिसल्यावर औषधावर विसंबण्यांत अर्थ नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, हंगामाच्या आरंभीचीं अंडीं यंत्रांत किंवा आधीं जंताचें औषध दिलेल्या कोंबडीखालीं ठेवावीं, म्हणजे टर्कीची मादी अंडीं घालीत राहते; आणि शेवटच्या १०–१५ अंड्यांवर तिलाच बसूं द्यावें. कोंबडीखालीं निघालेलीं पिलें अंग वाळतांच उचलून वेगळ्या उबाऱ्याखालीं, जाळीच्या उंच तळावर न्यावीं. ज्या जमिनीवर पूर्वीं कोंबड्या फिरल्या, तेथें टर्की सोडूंच नये.

पहिल्या आठवड्यांत उबाऱ्याखालीं ९५ अंश उष्णता ठेवून पुढें दर आठवड्यास पांच अंशांनीं कमी करावी. हीं पिलें नजरेनें अधू व बुजरीं असतात. दाणा समोर असूनही उपाशी मरतात. भांड्यावर बोटानें टकटक करावी, दाण्यांत दोन-चार रंगीत गोट्या किंवा चिरलेला हिरवा पाला टाकावा, म्हणजे तीं चोंच मारूं लागतात. पहिले पंधरा दिवस दहा पिलांमागें एक उकडलेलें अंडें व लिटरभर पाण्यांत १०० मिलिलिटर दूध देण्याची रीत चांगली आहे. आरंभींच्या खाद्यांत प्रथिनें शेंकडा २८ च्या सुमारास असावींत. कोंबडीच्या पिलांचें खाद्य त्यांस अपुरें पडतें.

पिलें उबाऱ्यांत सोडण्यापूर्वींच, त्याच दिवशीं, पायाच्या बोटांमधील पडद्यास बारीक छिद्र पाडून खूण करावी: एका नराच्या पिलांस डाव्या पायावर, दुसऱ्याच्या पिलांस उजव्यावर. वहींत नर, कुंपण व तारीख लिहून ठेवावी. सर्व पिलें एकत्र मिसळल्यावर ही खूण करण्यांत कांहीं अर्थ राहत नाहीं.