खाणीच्या डंपवर काय रुजेल?

प्रश्न : आमच्या गावाजवळ लोहखाणीच्या टाकाऊ मातीचा जुना डंप आहे. पावसात तांबडा गाळ शेतात उतरतो. तिथे कोणती झाडे तग धरतील? (एक वाचक, डिचोली, गोवा)

उत्तर : अशा मातीत लोह, मँगनीज भरपूर, सेंद्रिय कर्ब आणि नत्र मात्र फारच कमी. त्यामुळे आधी माती परीक्षण करून घ्या. मग सुरुवात वाळ्यापासून करा. त्याची मुळे तीन मीटरपर्यंत खोल जाऊन उतार बांधून ठेवतात आणि शोषलेले धातू बहुतांशी मुळांतच अडवतात. मृगाच्या सरींबरोबर उताराला आडव्या ओळींत, शेणखत घालून ठोंब लावा. गवत स्थिरावले की हवेतील नत्र जमिनीत आणणारी करंज, शिरीष लावा. नुसत्या ऑस्ट्रेलियन बाभळीवर थांबू नका. तिच्यासोबत स्थानिक झाडे हवीतच.

काही वनस्पती उलट धातू अंगात साठवतात. न्यू कॅलेडोनियातील एका वृक्षाच्या निळसर-हिरव्या चिकात, सुकल्यावर, २५ टक्क्यांपर्यंत निकेल सापडते! मोहरीही धातू ओढून घेते. म्हणून डंपवर भाजीपाला किंवा चारा घेऊ नका, गुरेही सोडू नका. ही जमीन बरी होईल, पण तिला वर्षे द्यावी लागतील.