महाग तेच चांगलं?

'महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार' ही म्हण हिंदी असली तरी आपल्याकडच्या प्रत्येक दुकानदाराला तोंडपाठ असते. मी आजवर ती ज्यांच्या तोंडून ऐकली ते सगळे काउंटरच्या पलीकडचे, म्हणजे विकणारे. घेणाऱ्याने ती म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. म्हटलं, एकदा या म्हणीचीच ओरल घेऊ.

दरवर्षी नवी बॅच होस्टेलला आली की आसपासच्या दुकानांत झुंबड उडते. बादली, मग, कुलूप, एक्स्टेन्शन बोर्ड, पाण्याची बाटली, साबण, इस्त्री. सोबत बाबा असतात. काही बाबा म्हणतात, "तुमच्याकडचा सगळ्यात भारी दाखवा, पोरगा पहिल्यांदाच घराबाहेर राहतोय." काही म्हणतात, "चारच वर्षं काढायचीत, साधंच द्या." वरवर पाहता दोघे दोन टोकांचे. पण वस्तू उलटून कोणीच पाहिलेली नसते. दोघांनीही फक्त किंमत पाहिलेली असते, एकाने वरून आणि दुसऱ्याने खालून.

किंमत आणि दर्जा यांचा संबंध किती, हे मोजण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. ग्राहक संस्था वस्तूंच्या चाचण्या घेऊन गुण देतात. ते गुण आणि बाजारातली किंमत यांचं कोरिलेशन काढायचं, अशी साधारण पद्धत. १९८७ मध्ये जेरार्ड टेलिस आणि बिर्गर वेर्नरफेल्ट या दोघांनी तोवरचे असे अभ्यास एकत्र करून सरासरी काढली. ती आली ०.२७. ज्यांची एम-थ्री सुटली आहे त्यांना पुढचं सांगायला नकोच. (ज्यांची राहिली आहे त्यांच्यासाठी : ०.२७ चा वर्ग करा.) येतात साधारण ०.०७. म्हणजे दर्जातल्या फरकापैकी जेमतेम सात टक्के फरक किमतीवरून कळतो. बरं, ही झाली सरासरी. काही वस्तूंमध्ये संबंध चांगला घट्ट निघाला, तर काहींमध्ये चक्क उलटा. बाजार परदेशातला होता हे मान्य, पण आपला बाजार त्याहून सरळ असेल असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

मग काय, स्वस्तातलं उचलावं? थांबा. इथे आपल्या रूममधला एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये येतो.

हिवाळ्यात सोलरचं पाणी कोमट येतं आणि मग रूमारूमांत काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. (रेक्टर सरांनी हा परिच्छेद वाचू नये ही विनंती.) पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा असतो. २३० व्होल्टला करंट येतो साधारण साडेसहा अँपिअर. आता बोर्डाची वायर पाच मीटर धरा. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे हिशेबाला दहा मीटर. तांब्याची जाडी ०.५ चौरस मिलिमीटर असेल तर रेझिस्टन्स येतो साधारण ०.३४ ओहम, आणि आय स्क्वेअर आर केलं की साडेचौदा वॅट नुसत्या वायरीत जळतात. हीच वायर १.५ चौरस मिलिमीटरची असती तर पाच वॅटसुद्धा जळले नसते. आणि 'कॉपर' म्हणून दिलेली वायर वरून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची निघाली, तर त्याच जाडीला वीस वॅटच्या वर जातात. गुंडाळी करून गादीखाली सरकवलेल्या वायरीत वीस वॅट म्हणजे गादीखाली सोल्डरिंग गन चालू ठेवण्यासारखंच आहे.

पण वायर निदान लांबवर पसरलेली असते. खरा घोटाळा सॉकेटच्या आत होतो. तिथल्या पितळी पट्ट्या पातळ असल्या की महिना-दोन महिन्यांत सैल पडतात. सैल सांध्याचा रेझिस्टन्स ०.१ ओहम जरी धरला तरी शेंगदाण्याएवढ्या जागेत चार वॅट उष्णता साठते. ती जायला जागा नसते. प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग वास येतो. आमच्या मजल्यावर असे तपकिरी झालेले बोर्ड मी पाहिलेत आणि दोन उघडूनही पाहिलेत. एकात पट्ट्या बिस्किटाच्या पुड्याच्या चांदीसारख्या, बोटाने वाकणाऱ्या. दुसऱ्यात तर सॉकेट तीन भोकांचं आणि आत येणारी वायर दोनच कोअरची! अर्थिंगचं भोक होतं, पण त्याला काही जोडलेलंच नव्हतं. हे बाहेरून कुणाला दिसणार? लॅबमधून मल्टिमीटर आणा, बोर्डाची पिन भिंतीतून काढा, मग अर्थची जाडी पिन आणि अर्थचं भोक यांत कंटिन्युइटी बघा. 'बीप' आला नाही तर तो बोर्ड कितीलाही घेतलेला असो, इस्त्रीला वापरू नका.

आता किमतीकडे या. समजा तीन बोर्ड आहेत. एक १२० रुपयांचा लोकल, दुसरा ३५० चा आयएसआय मार्कवाला, तिसरा १२०० चा, यूएसबी पोर्ट आणि निळा दिवा असलेला. १२० वरून ३५० वर जाताना जे जास्तीचे पैसे जातात ते तांब्याला, पितळेला आणि अर्थिंगच्या तिसऱ्या वायरीला जातात. तिथे हात आखडायचा नाही. पण ३५० वरून १२०० वर जाताना पैसे जातात यूएसबीला, निळ्या दिव्याला, खोक्याला आणि नावाला. ते हवं असेल तर जरूर घ्या, पण मागे बारीक अक्षरांत '६ अँपिअर' लिहिलं असेल तर साडेसहा अँपिअरच्या रॉडला तो १२०० चा बोर्डही चुकीचाच. त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट लागतं. दुकानात मी पाहतो, लोक वॉरंटी विचारतात, रंग विचारतात, पण अँपिअर विचारणारा गिऱ्हाईक क्वचित.

दर्जा बाहेरून दिसत नसला की बाजारात काय होतं, यावर जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक निबंध लिहिला. उदाहरण जुन्या मोटारींचं होतं. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि भंगार गाडी यांतला फरक कळत नाही, म्हणून तो मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि भंगार उरतं. या कामासाठी त्यांना २००१ चं नोबेल दोघांसोबत विभागून मिळालं. बोर्डाचं तेच आहे. जाड पट्टी घालणाऱ्या प्रामाणिक कारखानदाराला आपली पट्टी दाखवता येत नाही. म्हणून आयएसआय मार्क लागतो. तोही नुसता चिकटवलेला नको. मार्काच्या वर आयएस क्रमांक असतो (प्लग-सॉकेटसाठी १२९३), खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला की लायसन्स कुणाचं आणि चालू आहे की नाही ते कळतं. तपकीर गल्लीत उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे. दुकानदार काका थोडे वैतागतात, वैतागू देत.

साबणाची गोष्ट मात्र अगदी वेगळी, कारण तिथे दर्जा वेष्टनावरच छापलेला असतो आणि तरी कोणी वाचत नाही. अंगाच्या साबणात स्निग्धांश किती, तो आकडा म्हणजे टीएफएम. आयएस २८८८ नुसार ग्रेड वनला किमान ७६ टक्के, ग्रेड टूला ७०, ग्रेड थ्रीला ६०. त्याखाली 'बाथिंग बार' नावाचा वेगळा प्रकार आहे, त्याला ४० टक्केसुद्धा चालतात. आकडा कमी म्हणजे वडीत बाकीचा भरणा आणि पाणी जास्त, म्हणून ती साबणदाणीत दोन दिवसांत लिबलिबीत होते. आपल्या कॉमन बाथरूममध्ये तर एकाच दिवसात. एखाद्या रविवारी दुकानात पाच-सहा वड्या उलटून बघा. साध्या कागदातली, कुठलीही नटी नसलेली वडी ग्रेड वन निघू शकते आणि तिच्याहून महाग, चकचकीत वेष्टनातली ग्रेड टू किंवा थ्री. एक अपवाद सांगायला हवा. काही महाग 'बार' साबण नसतातच, ते सौम्य डिटर्जंटचे असतात. त्यांना टीएफएमची फूटपट्टी लावायची नाही. कोरड्या त्वचेच्या माणसाला ते खरंच बरे पडतात.

मिठाबद्दल एकच ओळ : गुलाबी असो की पांढरं, बहुतांश सोडियम क्लोराइडच. पुडीवर 'आयोडीनयुक्त' आहे का ते पाहा आणि पुढच्या रांगेत चला.

स्टीलच्या बाटलीबाबत आपल्या आयांची एक चाचणी असते : लोहचुंबक लावायचं, चिकटलं तर स्टील हलकं. मेटलर्जीवाले हसतील. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं ३०४ स्टील चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण निकेल वाचवून मँगेनीज घातलेलं स्वस्त २०२ स्टीलही चिकटत नाही. म्हणजे नेमकी जी दोन स्टीलं ओळखायची तिथेच चाचणी नापास. बाटलीवर ३०४ कोरलेलं आहे का ते पाहणं बरं. नसेल तर चारशे की नऊशे, दोन्ही अंदाजच.

आता थोडं स्टाफसाठी. नेहमीचा छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. वाचले ४५ वॅट. दिवसाला १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १६२ युनिट. आठ रुपये युनिटने जवळजवळ १३०० रुपये. किमतीतला फरकही साधारण तेवढाच धरला, तर एका वर्षात पैसे वसूल. इथे महाग घेणं शहाणपणाचं आहे. पण महाग आहे म्हणून नव्हे, वॅट कमी आहेत म्हणून. कारण नक्षीदार पात्यांचा चार हजारांचा पंखाही ७५ वॅटचा असू शकतो. २०२३ पासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, ते पाहावं.

अडचण अशी की होस्टेलमध्ये पंखा वापरतो आम्ही, बिल भरतं कॉलेज आणि खरेदी होते टेंडरने. टेंडरमध्ये सगळ्यात कमी दर त्याचा माल. स्पेसिफिकेशनमध्ये नुसतं 'सीलिंग फॅन १२०० मिमी' लिहिलं की ७५ वॅटचाच येणार, दरवर्षी. यात सर्वांत कमी दर घेण्याची पद्धत वाईट नाही. केंद्र सरकारच्या ईईएसएल कंपनीने एलईडी बल्बची खरेदी कमीत कमी दरानेच केली. २०१४ मध्ये खरेदीचा दर बल्बमागे ३१० रुपये होता, तो दोन-तीन वर्षांत ३८ वर आला. बल्ब काही आठपट वाईट झाला नाही. मागणी कोटींत होती, तंत्र स्वस्त झालं, आणि मुख्य म्हणजे बल्ब कसा हवा हे आधी कागदावर पक्कं लिहिलं होतं. आपल्या पुढच्या टेंडरमध्ये पंख्याचे वॅट आणि स्टार लिहावेत, असं पत्र आम्ही होस्टेल कमिटीतर्फे रेक्टर सरांना दिलं आहे.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच घरगुती सामानाबाबत करते आहे. सभासदांनी गट करायचे, मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक घ्यायचा आणि गटात वाटून घ्यायचा. जाहिरातीचे, चकचकीत खोक्याचे आणि मधल्या साखळीचे पैसे वाचतात, मालाला हात लागत नाही. आम्हीही तिसऱ्या मजल्यावर त्या धर्तीवर यादी लावली आहे : १६ अँपिअरचं सॉकेट असलेला तीन कोअरचा बोर्ड आणि ग्रेड वन साबण, एवढ्या दोनच वस्तू. यादी पाण्याच्या कूलरशेजारी आहे. नाव, रूम नंबर आणि नग लिहा. पैसे आत्ता नकोत, माल आल्यावर मल्टिमीटर लावून झाला की द्या.