निवाऱ्यातून आणलेली मांजर आजारी निघाली

प्रश्न : महिन्यापूर्वी निवारा केंद्रातून मांजर आणली. सारखी शिंकते, डोळ्यांतून पाणी येतं, खाणं कमी झालंय. घरात आधीचा बोका आहे. परत पाठवावी का?
– एक वाचक, पुसद

उत्तर : परत पाठवू नका. पुन्हा जागा बदलली की ताणाने दुखणं आणखी उफाळेल. हा बहुधा मांजरांचा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणू. गर्दीच्या निवाऱ्यांत सर्रास आढळणारा. हर्पिस जन्मभर शरीरात दबा धरून राहतो, तरी बहुतेक मांजरी छान जगतात. तुम्हाला तो लागणार नाही, बोक्याला लागू शकतो. म्हणून तूर्त खोली, भांडी, मातीचा ट्रे वेगळा ठेवा.

नाक चोंदलं की वास येत नाही, आणि वास नाही तर मांजर खात नाही. कोमट पाण्याच्या बोळ्याने नाक-डोळे पुसा, उकडलेली मासळी काटे काढून कोमट द्या. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर लगेच दवाखाना गाठा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते. घरातली पॅरासिटामॉल चुकूनही नको, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

पशुवैद्यकांना रक्तातून मांजरांचे ल्युकेमिया आणि एफआयव्ही (प्रतिकारशक्ती घटवणारा) हे विषाणू तपासायला सांगा. पुसदला सोय झाली नाही, तर नागपूरपेक्षा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था जवळ पडेल.